गोलकीपरचा गोपनीय अहवाल

हरलेल्या संघाबद्दल बोलू नये, लिहावं, असं शेरेकाकांचं पहिल्यापासूनचं मत. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं फायलीत जातं, आणि फायलीतून आजवर काहीही सुटलेलं नाही. हे मत त्यांनी राष्ट्रीय संघाच्या तिसऱ्या मॅचनंतर डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये मांडलं आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली.

इमारतीतला सगळ्यांत मोठा टीव्ही त्या वेटिंग रूममध्ये होता. तळमजल्यावरच्या डेंटिस्टने तो पेशंटचं मन दुखण्यातून निघावं म्हणून लावला होता, पण संघाचा खेळ असा काही चालला होता, की मॅच बघण्यापेक्षा दाढ काढून घेतलेली बरी, असं पेशंट स्वतःहून म्हणू लागले होते. त्या संध्याकाळी तिथे चौदा माणसं होती आणि त्यांतल्या दोघांचेच दात दुखत होते. एकाचा जबडा इंजेक्शनने बधिर झाला होता, त्यामुळे संघाबद्दल त्याचं नेमकं काय मत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिली मॅच तीन-शून्य अशी गेली होती. दुसरी बरोबरीत सुटली, पण ती अशा देशाशी, की त्याची सगळी लोकसंख्या आपल्या स्टेडियममध्ये बसवून वर छत्र्या ठेवायला जागा उरली असती. हा हिशेब काकांच्या मेहुण्याचा. आणि आज, शेवटची पाच मिनिटं उरली असताना, एक उंच चेंडू आपल्या गोलसमोर आला. गोलकीपरने स्टॉपरकडे, म्हणजे समोरच्या बचावपटूकडे पाहिलं, स्टॉपरने गोलकीपरकडे पाहिलं. दारात दोन सभ्य गृहस्थ 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तसं काहीसं झालं, आणि तेवढ्यात चेंडू दोघांच्या मधून एक टप्पा खाऊन सावकाश जाळीत जाऊन बसला.

मग सगळे एकदम तुटून पडले. वरच्या मजल्यावर राहणारा मेहुणा विमा एजंट होता. या संघाची पॉलिसी कधीच लॅप्स झाली आहे, असं त्याने जाहीर केलं. निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई म्हणाल्या, की या पोरांचे गुडघेच वर उचलले जात नाहीत. हातमोजे घातलेला डेंटिस्ट आतून डोकावला आणि हे वरवर भरून चालायचं नाही, मुळापासून काढावं लागेल, असं सांगून परत गेला. शेरेकाका खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले.

"याला मूल्यमापन म्हणत नाहीत," ते म्हणाले. "याला चकाट्या म्हणतात. मूल्यमापनाला फॉर्म असतो."

शेरेकाका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होते. कोणाची रजा किती, कोणाची बढती कधी, आणि दर वर्षी कोणाच्या गोपनीय अहवालात साहेबांनी काय शेरा मारला, हे सगळं एकतीस वर्षं त्यांच्या हातून जात होतं. त्यामुळे शेरा मारायची सवय त्यांच्या अंगात भिनली होती. इस्त्रीच्या कपड्यांच्या यादीवर ते 'डावी बाही असमाधानकारक' असं लिहीत. बायकोने किराण्याची यादी पुढे केली की खाली 'पाहिले' लिहून सही करत. इमारतीने त्यांचं खरं नाव कधीच सोडून दिलं होतं.

आता काकांची दुखरी जागा सांगितल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि अधीक्षकाची जागा रिकामी होती. अधीक्षक म्हणजे स्वतंत्र केबिन आणि फिरती खुर्ची. महिनाअखेरच्या सोमवारी बढती समिती बसायची होती आणि काकांच्या दृष्टीने ही शेवटची गाडी होती. आडवं येत होतं ते एकच वाक्य. अकरा वर्षांपूर्वी एका साहेबाने त्यांच्या अहवालात प्रतिकूल शेरा मारून ठेवला होता आणि तो त्यांना कळवलाच नव्हता. नियम असा, की चांगला शेरा कळवला नाही तरी चालतो, पण वाईट शेरा माणसाला लेखी कळवायचा आणि त्याचा खुलासा ऐकायचा. काकांना तो शेरा चार वर्षांनी, दुसऱ्याच कोणाची फाइल शोधताना सापडला. तेव्हापासून त्या नियमाबद्दल ते फार हळवे झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतून अकरा फॉर्म आणि एखादा खराब झाला तर म्हणून एक जादा, असे आणले. चोरून नव्हे. हा नमुना सरकारने दोन वर्षांपूर्वी रद्द केला होता आणि त्याचे गठ्ठे पाठकोऱ्या कागदासाठी ठेवलेले होते. वर कचेरीचं नाव छापलेलं होतं, ते मात्र त्यांनी प्रत्येक फॉर्मवर एका सरळ रेघेने खोडलं आणि शेजारी छोटी सही केली. कात्रीने कापलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं, हे बायकोचं म्हणणं. पण खोडलेला मजकूर खालून वाचता आला पाहिजे, हा कचेरीचा नियम आहे, आणि काकांनी आयुष्यात कधी न वाचता येईल असं खोडलेलं नाही.

अहवाल भरायला तीन संध्याकाळी गेल्या. पहिली संध्याकाळ शेरा लिहिणारा प्रतिवेदन अधिकारी कोण आणि त्याचं लिहिणं तपासणारा पुनर्विलोकन अधिकारी कोण, यावर मेहुणा आणि डेंटिस्ट यांच्यात जुंपण्यात गेली. दोघांनाही वरचं पद हवं होतं. शेवटी तो रकाना कोरा ठेवायचं ठरलं. दुसऱ्या संध्याकाळी रकान्यांनी घात केला. 'वरिष्ठांशी वागणूक' या रकान्यात राइट बॅकने पंचांकडे बघून केलेले हावभाव लिहायचे का? 'हस्ताक्षर' कुठून आणायचं? पीटीच्या बाईंच्या भाचीकडे सेंटर फॉरवर्डची सही होती. ती आणून भिंगाखाली पाहिली, तेव्हा 'अवाचनीय, घाईचे' असं सगळ्यांचं एकमत झालं. तीन मॅचमधलं हे पहिलं एकमत होतं. बदली खेळाडूंचे फॉर्म भरायचे का, यावर काकांनी लगेच निकाल दिला, की ते रजा-राखीव कर्मचारी आहेत, त्यांचा अहवाल मूळ शाखा भरेल. मूळ शाखा म्हणजे कोण, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी दहा जणांना 'सामान्य' मिळालं आणि गोलकीपरची पाळी आली. 'निर्णयक्षमता' या रकान्यापाशी सगळे थांबले. मेहुण्याने सुचवलेले शब्द सरकारी कागदावर चालणारे नव्हते. काकांनी पेनाचं टोपण काढलं, क्षणभरही विचार न करता एक वाक्य लिहिलं आणि खाली प्रतवारी 'असमाधानकारक' अशी टाकली. वाचून दाखवलं, तेव्हा वेटिंग रूममध्ये वाहवा झाली.

घरी बायकोने तो फॉर्म हातात घेतला आणि वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"अहो, 'निर्णय घेण्यास कचरतो.' हे वाक्य तुमचंच आहे ना?"

"माझंच. मीच लिहिलं."

"लिहिलं तुम्ही हो. पण आहे तुमच्यावरचं."

काका खिडकीशी गेले, तिथून दारापर्यंत आले, पुन्हा खिडकीशी गेले. सात वर्षं जे वाक्य त्यांच्या डोक्यात रुतून बसलं होतं, तेच पेनातून बाहेर पडलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की काका नियमाकडे धाव घेत. शेरा प्रतिकूल आहे, तेव्हा तो कळवलाच पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. बायको म्हणाली, की सरळ फाडून टाका. अहवाल फाडता येत नाही, काका म्हणाले.

पोस्टात गेल्यावर काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. 'गोलकीपर, राष्ट्रीय संघ' हा पत्ता होत नाही, असं त्या म्हणाल्या. घर क्रमांक हवा. काकांनी गोलची जाळी हेच त्याचं कामाचं ठिकाण, असा युक्तिवाद करून पाहिला, पण मागे रांग वाढत होती. मग त्यांनी पाकिटावर फुटबॉल महासंघाचा पत्ता लिहिला, अकराही फॉर्म सहपत्रे म्हणून जोडले, आणि पंधरा दिवसांत खुलासा सादर करावा, अन्यथा काही म्हणायचे नाही असे समजण्यात येईल, असं पत्र वर लावलं. रजिस्टर्ड, पोचपावतीसह.

ते पंधरा दिवस घरात कोणालाच सुखाचे गेले नाहीत. काका जेवताना उठून जिन्यातली पत्रपेटी बघून येत. पंखा सुरू करत, बंद करत. कचेरीत त्यांनी एकाच माणसाची रजा दोनदा मंजूर केली. मेहुणा येता-जाता 'भाऊजी, गोलकीपर काय म्हणतो?' विचारायचा. महासंघ उत्तर देणार नाही याची इमारतीला खात्री होती, आणि काकांना धास्ती होती ती उत्तर येण्याची.

महासंघात कोणीतरी काकांच्याच जातकुळीचा कारकून बसलेला असावा. कारण त्याने सगळं नियमाप्रमाणे केलं. गोलकीपरचा फॉर्म गोलकीपरच्या घरी पाठवला. उरलेल्या दहा फॉर्मवर खोडलेलं पण स्वच्छ वाचता येणारं कचेरीचं नाव पाहिलं, आणि ते दहाही 'आपल्या अभिलेखासाठी व उचित कार्यवाहीसाठी' काकांच्या कचेरीकडे, थेट साहेबांच्या नावे रवाना केले.

शुक्रवारी दुपारी काकांच्या टेबलावर मेमो आला. कार्यालयाच्या नमुन्याचा वापर करून राष्ट्रीय संघाचे मूल्यमापन कोणत्या अधिकारात केले, याचा खुलासा सोमवारी सकाळी द्यावा. समिती त्याच सोमवारी चार वाजता बसायची होती. एकतीस वर्षं मेमोचे मसुदे लिहिणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा मेमो मिळाला. मसुदा चांगला होता, हे त्यांना तशाही अवस्थेत जाणवलं. तो त्यांनीच घालून दिलेला नमुना होता.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर एक किरकोळ अंगाच्या बाई उभ्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात दोरीने बांधलेली फाइल.

"मी गोलकीपरची आई," त्या म्हणाल्या. "तो कॅम्पला आहे. उद्या मॅच आहे त्याची. खुलाशाची मुदत आज संपते, म्हणून मी आले. प्रतिवेदन अधिकारी कोण?"

ही बातमी इमारतीत पसरायला दोन मिनिटं लागली. सुनावणी कुठे घ्यायची, तर जिथे अहवाल भरला तिथेच, असं बाईंनीच सुचवलं. डेंटिस्टने रविवार असूनही वेटिंग रूम उघडली. मेहुणा, जो तीन आठवडे गोलकीपरची सालटी काढत होता, तो कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन दातांच्या निगेचं पत्रक वाचू लागला. काकांच्या पत्नीही खाली आल्या. अशा गोष्टी नवऱ्याकडून ऐकण्यात अर्थ नसतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बाईंनी फाइल उघडली. त्या वीज कचेरीतून आस्थापना शाखेच्या अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या, हे ऐकल्यावर काका आपोआप उभे राहिले. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि मुद्दे वाचले. चेंडू आला तेव्हा गोलकीपरने 'माझा' अशी हाक दिली होती, पण प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात स्टॉपरला ती ऐकू गेली नाही आणि तो धावत राहिला. सहा महिन्यांपूर्वी अशाच धावण्यात दोघांची टक्कर होऊन स्टॉपरची बरगडी मोडली होती. म्हणून गोलकीपर थांबला. सोबत डॉक्टरचा दाखला जोडला होता.

"एवढं लेखी," बाई म्हणाल्या आणि फाइल मिटली. "तोंडी एकच सांगते. पत्र आलं त्या दिवशी तो घरी होता. सगळे त्याला शिव्या देतात, त्याची त्याला सवय आहे. पण तुमचं पत्र वाचून म्हणाला, आई, तुझं काय म्हणणं आहे असं विचारणारा हा पहिलाच माणूस."

 मग मेहुण्याने पत्रकाआडून आठवण करून दिली, की कारण काही असो, गोल तर झाला. डेंटिस्टच्या मते उद्याची मॅच बघून ठरवावं. पीटीच्या बाई म्हणाल्या, की शेरा अर्धा ठेवावा आणि अर्धा काढावा. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी पेन काढलं, बाईंच्या फाइलीतला फॉर्म पुढे ओढला, त्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली, बाजूला 'खुलासा मान्य' लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि घड्याळ बघून अकरा वाजून वीस मिनिटं अशी वेळही टाकली.

बाईंनी फॉर्म घेऊन वाचला. रेघेखालचं वाक्य अर्थातच दिसत होतं. "वाक्य घोटीव आहे," त्या म्हणाल्या. "कुठून उचललंत?"

काका पेनाचं टोपण लावण्यात गुंतले होते. उत्तर त्यांच्या पत्नीने दिलं. अकरा वर्षांपूर्वीचा साहेब, न कळवलेला शेरा, उद्याची समिती, सगळं सांगून टाकलं.

"न कळवलेला शेरा बढतीला धरता येत नाही," बाई म्हणाल्या. "अर्ज केला की समितीला तो बाजूला ठेवावाच लागतो. त्याला मुदत नाही. आता हे मी तुम्हाला सांगायचं?"

काकांना ते माहीत होतं. या नियमाखाली त्यांनी सात कारकून आणि चार शिपाई यांना स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिले होते, आणि अकराच्या अकरा मंजूर झाले होते. स्वतःचाही अर्ज त्यांनी लिहिला होता, नऊ वेळा. नऊही मसुदे कपाटात कपड्यांच्या घडीखाली होते. एकदा साहेबांची बदली व्हायची होती, म्हणून थांबले. एकदा ऑडिट होतं. एकदा लिहून झाल्यावर वाटलं, की भाषा कडक झाली, आणि मऊ केल्यावर वाटलं, की फारच मऊ झाली. हे सगळं सांगताना काकांचा आवाज बारीक होत गेला.

मेहुण्याने पत्रक खाली ठेवलं. त्याला वाईट बोलायचं नव्हतं, पण विचार त्याच्या तोंडातूनच सुरू व्हायचा. "म्हणजे भाऊजी," तो हळूच म्हणाला, "शेरा खरा होता की."

 काकांची मान खाली गेली. त्यांच्या पत्नीने भावाकडे असं पाहिलं, की त्याने पत्रक पुन्हा उचललं.

"खरा असेल," गोलकीपरची आई म्हणाली. "पण कळवलेला नव्हता."

त्या चहा घेऊन निघाल्या, तेव्हा काका त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. परत येताना ते जिना दोन-दोन पायऱ्या करत चढले आणि घरात शिरताच कपाटातून नववा मसुदा काढला. त्यात एकही शब्द बदलला नाही. बदलायला हात दोनदा पुढे गेला, पण बायको समोर बसली होती.

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी काका साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते, एका हातात मेमोचा खुलासा, दुसऱ्या हातात अर्ज. साहेबांनी आधी अर्ज वाचला.

"इतकी वर्षं काय करत होतात?"

"कचरत होतो, साहेब."

 साहेबांनी अर्जावर 'समितीपुढे ठेवा' असं लिहिलं आणि ड्रॉवरमधून ते दहा फॉर्म काढले. काका घाईने मेमोचा खुलासा पुढे करू लागले. पण साहेबांनी दहाही फॉर्म पुनर्विलोकन अधिकाऱ्याच्या कोऱ्या रकान्यापाशी उघडून धरले, आणि प्रत्येकावर त्यांच्या हिरव्या शाईतला मजकूर होता. लेफ्ट विंगरला 'सामान्य' देणं म्हणजे मेहेरबानी आहे, असं त्यांचं मत पडलं. त्याला त्यांनी एक पायरी खाली आणलं होतं. मेमोच्या खुलाशावर त्यांनी न वाचताच 'समाधानकारक' लिहिलं आणि गोलकीपरचा फॉर्म कुठे आहे असं विचारलं. तो निकाली निघाला, काका म्हणाले.

समितीचा निकाल सव्वापाचला बाहेर आला. अकरा वर्षांपूर्वीचा शेरा विचारात घेऊ नये, असं एकमताने ठरलं होतं. काकांनी तेवढं वाक्य तीनदा वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग पुढचं वाक्य वाचलं. अधीक्षक पदाबाबत सखोल चर्चा झाली, तथापि दोन सदस्यांना मॅचसाठी वेळेत घरी पोहोचायचे असल्याने निर्णय पुढील महिन्याच्या बैठकीपर्यंत लांबणीवर टाकण्यात येत आहे. काकांना हसू फुटलं. आस्थापना शाखेने त्यांना मोठ्याने हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी त्या बैठकीची तारीख लेखी मागणारा अर्ज लिहिला आणि आवक शिक्का मारून घेतला.

संध्याकाळी वेटिंग रूम गच्च भरली होती. शून्य-शून्य चाललं होतं आणि काका बसायला तयार नव्हते. दहा मिनिटं उरली असताना तसाच एक उंच चेंडू आला. या वेळी गोलकीपर गोल सोडून अर्ध्या वाटेवर धावत आला, 'माझा' अशी आरोळी ठोकली, जी टीव्हीवरही ऐकू आली, आणि त्याने झेप घेतली. स्टॉपर शहाण्यासारखा बाजूला झाला. गोलकीपरची बोटं चेंडूला लागली, चेंडू निसटला, समोरच्याच्या पायात पडला, आणि त्याने तो रिकाम्या गोलात ढकलला.

खोलीत एकच ओरडा झाला आणि मग सगळे काकांकडे वळले. मेहुण्याने उरलेला जादा फॉर्म पुढे सरकवला आणि आता लिहा म्हणाला. काकांनी तो गुडघ्यावर घेतला आणि 'निर्णयक्षमता' या रकान्यात ठळक अक्षरांत 'तत्काळ' असं लिहिलं. प्रतवारी टाकली 'उत्तम'.

"भाऊजी, अहो गोल झाला!"

"गोलसाठी या फॉर्ममध्ये रकाना नाही," काका म्हणाले आणि सही केली.

चांगला शेरा कळवलाच पाहिजे असा नियम नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरीत जाण्याआधी, काका पोस्टाच्या रांगेत उभे होते. या वेळी पाकिटावर घर क्रमांक होता आणि नाव गोलकीपरच्या आईचं होतं.